लाकूड सुकलंय

फोन आला तेव्हा तिच्या हातात कटिंगचं मशीन चालू होतं. पात्याखाली मुलांच्या शर्टांच्या बाह्या होत्या, थरावर थर रचलेला वीतभर उंच गठ्ठा, आणि अशा वेळी खुद्द मालक आला तरी ती मान वर करत नसे. पण नवरा आजारी पडल्यापासून फोन वाजला की काळीज आधी धावायचं आणि हात मागून. तिनं मशीन बंद केलं, पापण्यांवरचे कापसाचे तंतू पुसले आणि नंबर अनोळखी असूनही फोन कानाला लावला. पलीकडून पुरुषाचा घोगरा, कसलीच घाई नसलेला आवाज आला, "लाकूड सुकलंय." चुकून लागला असेल म्हणून ती ठेवून देणार होती, तेवढ्यात त्यानं तिच्या नवऱ्याचं नाव घेतलं आणि साहेब आहेत का म्हणून विचारलं. साहेबांचा फोन बंद लागतोय, अडीअडचणीला म्हणून त्यांनीच हा घरचा नंबर देऊन ठेवला होता, असं म्हणाला. मग एकेक करून उलगडलं. हा माणूस गिटार बनवायचा, हातानं, एका वेळी एक. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा त्याच्याकडे गेला होता आणि फळ्यांच्या ढिगातून ठोकून ठोकून, कान लावून एक फळी निवडून आला होता, इलेक्ट्रिक गिटारसाठी. ती ओली होती म्हणून माळ्यावर सुकायला ठेवली होती, आणि तेव्हापासून तो अधूनमधून नुसता ती फळी बघायला जायचा. आता ती सुकली होती आणि आकार ठरवायचा होता. "डिझाइन डोक्यात आहे म्हणाले होते," तो माणूस म्हणाला. "कागदावर काढणार नाही, लाकूड सुकलं की त्याच्यावरच काढून देतो म्हणाले होते. तर त्यांना पाठवा."

त्यांना पाठवता येणार नाही, असं ती म्हणाली, आणि का ते तिनं चार वाक्यांत सांगितलं. एव्हाना ती चार वाक्यं तिला पाठ झाली होती. डोक्यात रक्ताची गुठळी झाली, उजवी बाजू गेली, वाचा गेली, बाकी तब्येत बरी आहे. मग तो अरेरे म्हणाला, पण नुसतं म्हणायचं म्हणून नव्हे, खरोखरचं. आणि पुढं, जरा चाचरत, की त्याचीही एक अडचण आहे. त्याचा गाळा ज्या इमारतीत आहे ती पाडणार आहेत, मशिनं विकली गेली आहेत, महिनाअखेर तो भावाकडे राहायला जाणार आहे. म्हणजे गिटार व्हायची असेल तर तिचं अंग आत्ताच कापून व्हायला हवं. बाकीचं काम काय, हातानं कुठंही बसून करता येतं. "तुम्ही सांगा कुठला आकार, मी कापतो," तो म्हणाला. ती बरं म्हणाली, फोन खिशात टाकला आणि मशीन सुरू केलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा पातं रेघ सोडून सुताएवढं आत गेलं. गठ्ठ्यातल्या सगळ्या बाह्या एकदम बिघडल्या. कापडाचं हे असंच असतं, चूक एक करायची आणि ती थरागणिक भोगायची.

घरी जाताना बसमध्ये तिला आधी राग आला. दोन वर्षं हा माणूस कुठंतरी जात होता आणि घरी पत्ता नाही. दारू नाही, बाई नाही, तर फळी. बाई असती तर निदान भांडता तरी आलं असतं, फळीशी काय भांडायचं? दुकानादुकानांतून वजनकाटे तपासून शिक्का मारत हिंडणं ही त्याची नोकरी, त्यामुळे तो दुपारी कुठं असतो हे तिनं कधी विचारलंही नव्हतं. कमी बोलणारा माणूस. लग्नात तिच्या मावशीनं जावई मुका तर नाही ना असं चेष्टेनं विचारलं होतं आणि सगळे पोट धरून हसले होते. ते आठवून आता तिला बसच्या काचेवर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. रागाच्या खाली मात्र दुसरंच काहीतरी होतं, आणि बस उड्डाणपुलावर चढेपर्यंत ते वर आलं. त्याला गिटारचा एवढा नाद आहे हे तिला माहीत होतं, की नव्हतं? घरात एक जुनी, कुणाच्या तरी हातून आलेली इलेक्ट्रिक गिटार होती. संध्याकाळी जेवायच्या आधी तो ती घेऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचा, एका डबीला वायर जोडायचा आणि कानांवर हेडफोन चढवायचा. ही गिटार पोकळ नसते, तिचा आवाज तारेतून निघून सरळ कानात जातो. खोलीत उरते ती नुसती टकटक, तारांना नख लागल्याची कोरडी टकटक, कुणीतरी पत्र्याच्या डब्यात मूठभर खिळे चाळत बसल्यासारखी. वीस वर्षं तिनं ती टकटक ऐकली होती. त्या टकटकीवर तिनं भाज्या चिरल्या, हिशोब केले, डुलक्या काढल्या. त्याच्या कानात त्या वेळी काय वाजत होतं ते तिला माहीत नव्हतं. एकदाही तिनं म्हटलं नव्हतं की बघू, मला ऐकू दे. आणि त्यानंही कधी हेडफोन काढून पुढं केला नव्हता. असं का झालं असावं याला काही कारण नव्हतं. रोज उद्या होताच.

दार नणंदेनं उघडलं. ही त्याची मोठी बहीण, खालच्या मजल्यावर राहते, दिवसा त्याच्याजवळ बसते, आणि उपकार करते पण ते मुकाट्यानं करत नाही. आज डाळ सांडली, आज पेपर उलटा धरला, आज खिडकी उघडू का म्हटलं तर हो, मिटू का म्हटलं तर हो, मग माणसानं करायचं काय, असा सगळा दिवस तिनं चपला घालता घालता सांगून टाकला. तेवढा एकच शब्द त्याच्याकडे उरला होता. दवाखान्यात आठवडाभर तो एक अक्षरही बोलला नाही आणि मग एका सकाळी नर्सनं पाणी हवं का विचारलं तेव्हा स्वच्छ म्हणाला, "हो." नवरा बोलला म्हणून ती आनंदानं रडली होती. पुढं कळलं की सगळ्यालाच हो. दुखतंय का, हो. नाही ना दुखत, हो. तुमचं नाव काय, हो. डॉक्टरनं समजावलं होतं की असं होतं, शब्दांचं कपाट बंद होतं आणि एखादाच शब्द बाहेर राहतो. त्याला त्यातलं किती समजतं ते मात्र खात्रीनं सांगता येत नाही, कदाचित बरंच, कदाचित थोडंच. बोलायला शिकवणारी एक मुलगी आठवड्यातून दोनदा येते, ती म्हणते शब्दाकडे लक्ष देऊ नका, सुराकडे द्या. नवऱ्याच्या सुराकडे लक्ष देऊन देऊन ती दमली होती. पूर्वी ती त्याला अहो म्हणायची. दवाखान्यात कधीतरी, त्याचं तोंड पुसताना, इकडे बघ असं तोंडून गेलं आणि मग ते तसंच चालू राहिलं. नणंदेनं ते ऐकलं आणि चक्क काही बोलली नाही, यावरून प्रसंग किती कठीण होता ते कळावं.

गिटारचं ऐकून मात्र नणंद दारातून परत आत आली. आता कसली गिटार, म्हणाली, आधी धड चमचा धरू दे. आणि ते बरोबरच होतं. नको म्हणून कळवून टाकावं आणि मोकळं व्हावं असं तिनं त्याला भरवता भरवता ठरवलं, आणि सहज, उगाच, चमचा त्याच्या तोंडाशी नेता नेता म्हणाली, "त्या गिटारवाल्याचा फोन होता. लाकूड सुकलंय म्हणतो." त्यानं घास घेतला नाही. तो तिच्याकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "हो." सूर वेगळा होता का? तिला तो वेगळा वाटला, आणि लगेच असंही वाटलं की आपल्याला वाटून घ्यायचंय म्हणून वाटला. त्यानंतर जेवण होईपर्यंत ती त्याच्या चेहऱ्याकडे चोरून बघत राहिली. चेहऱ्याची एक बाजू खाली ओघळलेली आणि दुसरी पूर्वीची. कुठल्या बाजूवर विश्वास ठेवायचा ते तिला अजून ठरवता आलेलं नव्हतं.

नको म्हणून कळवणं काही तिच्यानं झालं नाही, आणि गाळा शोधायला तिला फार हिंडावं लागलं नाही. रिकामी होत चाललेली इमारत, बहुतेक दारांना कुलपं, आणि एकाच दारातून करवतीचा आवाज आणि लाकडाचा गोडसर वास. गिटारवाला साठीचा, भुवयांत भुसा अडकलेला, बोलका माणूस निघाला. त्यानं तिला बसायला स्टूल दिलं, तेही पुसून, आणि टेबलावर फळी आणून ठेवली. तांबूस, दाट रेषांची, जाडजूड फळी. यातली तिला काय कळणार? तरी तिनं सवयीनं हाताचा पालथा तळवा तिच्यावरून फिरवला, कापडावरून फिरवतात तसा, आणि तो म्हणाला की साहेबही असंच करायचे. त्याच्याकडे भिंतीला पातळ प्लायवूडचे फर्मे टांगलेले होते, गिटारच्या अंगाचे, आणि तिच्या कटिंगच्या खोलीत कॉलरी-बाह्यांचे फर्मे टांगलेले असतात त्याची आठवण होऊन तिला जरा धीर आला. तिनं विचारलं की त्यांच्या डोक्यात काय होतं, काहीतरी बोलले असतील ना. तो म्हणाला, बोलायचे, पण हवेत. या फर्म्यांपैकी एकही नाही, असं म्हणायचे. हा फार उर्मट आहे, तो फार गोंडस आहे, म्हणायचे. कसा हवा विचारलं की हातानं हवेत एक वळण काढून दाखवायचे आणि हसायचे. ते वळण कसं होतं ते दाखवायला गिटारवाल्यानं स्वतःचा हात उचलला, हवेत थोडासा नेला आणि खाली घेतला. "नाही आठवत हो वहिनी," तो म्हणाला. "मी म्हटलं, काढतीलच की फळीवर."

तिनं घरी कपाटं आधीच धुंडाळली होती. कुठं कागदाचा कपटा नव्हता, आणि असता तर तो माणूस तो राहिला नसता. मग गिटारवाल्यानं दोन फर्मे खाली काढले. एक भारदस्त, दोन्ही खांद्यांना शिंगं आलेला, गळ्यात पट्टा अडकवून उभ्यानं वाजवायचा; नेहमीची, रुबाबदार गिटार. दुसरा त्यानं तिच्याशी फोनवर बोलणं झाल्यावर दोन दिवसांत मुद्दाम बनवला होता. लहान, आतून पोखरून हलका करायचा, खालची बाजू सपाट, म्हणजे मांडीवर घसरणार नाही. त्यानं समजावून सांगितलं की उजव्या हातानं तार छेडतात आणि डाव्यानं दाबतात, आणि साहेबांचा डावा तर शाबूत आहे. विजेची गिटार असल्यामुळे डाव्या हाताचं बोट तारेवर जरा जोरात आपटलं तरी ती बोलते, छेडायलाच हवी असं नाही. तारा सैल ठेवायच्या, त्यांच्या मुळाशी कापडाची एक पट्टी गुंडाळायची, म्हणजे बाकीच्या तारा उगाच गुणगुणत नाहीत. एका हातानं वाजेल. पूर्वीसारखी नाही, पण वाजेल. हे सगळं तो इतक्या मायेनं सांगत होता की तिला त्याच्याकडे बघवेना.

दोन्ही फर्मे खाकी कागदावर उतरवून, कापून ती घरी घेऊन आली. आणि मग तिचं डोकं जे सुरू झालं ते थांबेना. थरावर खडूनं रेघा मारताना, बसमध्ये, त्याचे सदरे वाळत घालताना तेच. लहान आकार निवडायचा म्हणजे त्याच्या तोंडावर सांगायचं की उजवा हात संपला, तू आता एवढाच. रोज सकाळी ती तोच हात धरून वर-खाली करते, मुठीत चेंडू देते, आज कालच्यापेक्षा बरा आहे असं म्हणते. मग ते काय, नाटक? मोठा निवडायचा म्हणजे एक सुंदर वस्तू करून समोर भिंतीला लावायची, जी त्याला पुन्हा कधीच वाजवता येणार नाही, आणि त्यानं ती बघत बसायचं. तिच्या पहिल्या मास्टरनं तिला शिकवलं होतं की माप घेताना गिऱ्हाईक हटकून पोट आत ओढतं, छाती पुढं काढतं. तू घाई करायची नाहीस, टेप धरून उभी राहा, त्याला श्वास सोडू दे, आणि मग माप घे. अंग आहे तसं माप. असावं तसं नाही. हे तिला पटलेलं होतं आणि जन्मभर तिनं ते पाळलं होतं. पण ते परक्या माणसांच्या बाबतीत सोपं असतं. नवऱ्याचं माप तिला तोंडपाठ होतं, खांदा, छाती, बाही, लग्नानंतरच्या पहिल्या सदऱ्यापासून. आणि आजारानंतर तिनं ते एकदाही पुन्हा घेतलेलं नव्हतं. सदरे जुन्याच मापाचे शिवत होती, आणि ते त्याच्या अंगावर लोंबत होते.

रविवारी दुपारी नणंद झोपायला खाली गेली तेव्हा ती कागद घेऊन त्याच्यासमोर बसली. आधी मोठा कागद त्याच्या छातीशी धरला. हा? "हो." मग लहान त्याच्या मांडीवर ठेवला. हा? "हो." दोन्ही शेजारी शेजारी धरले आणि यातला कुठला, बोट लाव, असं म्हणून त्याचा डावा हात उचलून कागदांच्या मध्ये ठेवला. हात तिथंच पडून राहिला, आणि तो म्हणाला, "हो." हात उचलून इकडे-तिकडे ठेवणारी तीच, तेव्हा त्यानं तो कशाला हलवायचा? बोलायला शिकवणाऱ्या मुलीनं सांगितलेलं आठवून तिनं कागद दूर ठेवले, जवळ आणले, क्रम बदलला, डोळे कुठं जातात ते बघितलं. डोळे तिच्याकडेच. शेवटी तिच्यातला कुठला तरी व्रात्यपणा जागा झाला, आणि तिनं पिशवीतून मुलांच्या शर्टाच्या बाहीचा फर्मा काढून त्याच्यासमोर धरला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, की अशी करू या का गिटार, बाहीसारखी? "हो," तो म्हणाला. तिला हसू फुटलं. ती बराच वेळ हसली, आणि हसता हसताच ते बिघडलं.

"मला न सांगता जायचास ना तिथं?" ती म्हणाली.

"हो."

"कंटाळला होतास माझ्याबरोबर?"

"हो."

"की नव्हतास?"

"हो."

तिनं आणखीही विचारलं. वीस वर्षांत विचारायचं राहून गेलेलं सगळं, एकेक करून, कपडे काढून टाकावेत तसं. मूल झालं नाही याचं वाईट वाटायचं का? मला दोष दिलास का मनातल्या मनात? कानात काय वाजायचं रे तुझ्या रोज, आणि त्यात मी कुठं होते का? प्रत्येक वेळी तोच शब्द आला, नीट, वेळेवर, काट्यानं शून्यावर येऊन थांबावं तसा. आणि तिच्या लक्षात आलं की विचारताना तिला भीती वाटत नाहीये. उलट सुटल्यासारखं वाटतंय. कारण उत्तर पोकळ आहे, आत कुणी ऐकत नाही, आत धुकं आहे, आणि धुक्याला काहीही विचारता येतं. हे तिनं यापूर्वी स्वतःशी इतक्या उघडपणे कबूल केलेलं नव्हतं. आजारपणाचे हे सगळे महिने तिनं या धुक्याच्या भरवशावर काढले होते. त्याला भरवताना, त्याला पुसताना, त्याच्यादेखत नणंदेशी त्याच्याबद्दल बोलताना आत फारसं कुणी नाही असं धरून चाललं की हात चालतात. तिनं कागद उचलले, गिटारवाल्याला फोन लावला आणि सांगितलं की लहान. तो हो म्हणाला, आणि मग म्हणाला की एकदा साहेबांना घेऊन याल का, कापताना ते समोर असलेले बरे. मशिनं परवाच उचलून नेणार आहेत, तेव्हा उद्याच या.

टॅक्सीतून उतरवून त्याला गाळ्यात नेईपर्यंत तिचा खांदा भरून आला. गाळ्यात आता फारसं काही उरलेलं नव्हतं, एक करवतीचं मशीन, एक टेबल आणि टेबलावर फळी. गिटारवाला त्याच्याशी पूर्वीसारखाच बोलला, आवाज चढवून नाही की लहान मुलाशी बोलल्यासारखं नाही. या साहेब, बघा कशी झालीय. त्यानं डावा हात फळीवर ठेवला. मग बोटांची मूठ केली, फळीच्या मधोमध ठोकलं, मान वाकडी करून कान खाली नेला आणि पुन्हा ठोकलं, जरा कडेला. गिटारवाल्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. तिला मात्र हसता आलं नाही. इतक्या महिन्यांत त्यानं स्वतःहून केलेली ही पहिली गोष्ट होती, आणि ती इतकी सफाईची होती.

गिटारवाल्यानं लहान फर्मा फळीवर ठेवला, सरळ केला आणि पांढऱ्या खडूनं त्याच्या कडेनं रेघ ओढली. फर्मा उचलला. तांबूस लाकडावर तो ठेंगणा आकार स्पष्ट उमटला होता. नवरा तो बघत होता. मग त्यानं तळवा त्यावर ठेवला आणि "हो" म्हणत म्हणत सगळी रेघ पुसून टाकली. हात चुकून लागला असेल म्हणून गिटारवाल्यानं ती पुन्हा काढली. त्यानं पुन्हा पुसली. कटिंगच्या टेबलावर खडूची रेघ मारायला कुणीही मारतं, पण पुसायचा हक्क एकट्या मास्टरचा असतो. असं पुसणं ती ओळखायची. गिटारवाल्यानं तिच्याकडे बघितलं, आणि मोठा फर्मा काढून आणला. या वेळी नवरा रेघ पुरी होईपर्यंत थांबला, फर्मा उचलल्यावर त्यानं तो आकार शांतपणे सगळा बघितला, आणि तोही पुसला, खालून सुरुवात करून वर, शेवटच्या शिंगापर्यंत. "हो," तो म्हणाला, "हो, हो." आणि तिला आनंद झाला. लाज वाटावी इतका आनंद. तो नाही म्हणत होता. तोंड हो म्हणत होतं आणि हात नाही म्हणत होता, इतक्या महिन्यांनी. "अहो," तिच्या तोंडून गेलं, "मग तुम्हीच काढा ना."

गिटारवाल्यानं खडू त्याच्या डाव्या हातात दिला. त्यानं तो धरला, जरा सरकवून नीट धरला, आणि फळीवर वाकला. पहिली रेघ खांद्यापासून निघाली आणि एका वळणानं खाली आली, आणि त्या वळणात असं काहीतरी होतं की गिटारवाल्यानं श्वास रोखला. पण कमरेपाशी हात हिसकला, रेघ थरथरली आणि फळीबाहेर गेली. डाव्या हातानं त्यानं आयुष्यात कधी सहीसुद्धा केली नव्हती. त्यानं ते पुसलं. पुन्हा काढलं, आणि या वेळी ते वळणही आलं नाही, लहान मुलानं काढलेल्या बटाट्यासारखं काहीतरी झालं. त्याच्याकडे तो बघत राहिला. मग तेही पुसलं, घाईघाईनं, कुणी बघायच्या आत पुसावं तसं. तिसऱ्यांदा त्यानं खडू फळीजवळ नेला आणि टेकवला नाही. तसाच धरून उभा राहिला, आणि त्याच्या पाठीला हात लावून उभ्या असलेल्या तिला त्याची पाठ हलताना जाणवली. तो रडत होता, आवाज न करता. त्यानं मान वळवून तिच्याकडे बघितलं.

त्या बघण्यात धुकं अजिबात नव्हतं. तिला ते लख्ख दिसलं, आणि ते दिसायला नको होतं असंही तिला त्याच क्षणी वाटलं. आकार तिथं होता, आत, पुरा, एकेका वळणासकट, दोन वर्षं जसाच्या तसा. त्याला माहीत होतं त्याला काय हवंय. त्याला सगळंच माहीत होतं. रविवारी ती त्याच्यासमोर बाही धरून हसत होती तेव्हा तो तिथंच होता. तिनं जे जे विचारलं ते त्यानं सगळं ऐकलं होतं, आणि त्याच्याकडे खरी उत्तरं होती, आणि तोंड प्रत्येक वेळी हो म्हणत होतं तेही त्याला ऐकू येत होतं. तोंड पुसताना, कपडे बदलताना, नणंद दारात उभी राहून गाऱ्हाणी सांगताना, सगळा वेळ एक अख्खा माणूस आत बसून बघत होता. इतके दिवस तो हरवला म्हणून ती रडली होती. तो हरवलेला नाही, हे त्याहून किती भयंकर आहे याची तिला कल्पनाच नव्हती.

"काय करू या वहिनी?" गिटारवाल्यानं हळूच विचारलं. मग म्हणाला की हवं तर फळी तशीच घेऊन जा, न कापता. तिनं क्षणभर ते डोळ्यांसमोर आणलं. दाराआड उभी केलेली ती कोरी फळी, आणि खुर्चीतून रोज तिच्याकडे बघणारा तो. आणि आत तो आकार, जो कुणालाच कधी दिसणार नाही. नाही, ते तिच्यानं झालं नसतं. मोठी गिटार भिंतीवर टांगणंही तिच्यानं झालं नसतं. लहान निदान वाजेल. काही का होईना, त्याच्या मांडीवर राहील, बोट आपटलं तर बोलेल, आणि या वेळी ती हेडफोन लावू देणार नाही. त्याला ती आवडणार नाही. रोज मांडीवर घेताना त्याला कळेल की ही ती नव्हे. हे सगळं पुरतं कळत असताना तिला ठरवायचं होतं, आणि दुसरं कुणी ठरवणारं नव्हतं.

तिनं त्याच्या बोटांतून खडू काढून घेतला, गिटारवाल्याला दिला आणि लहान फर्म्याकडे मान हलवली. "काढा," ती म्हणाली. फर्मा फळीवर ठेवला गेला. नवऱ्याचा हात उचलला जाण्याआधीच तिनं तो आपल्या हातात घेतला, बोटांत बोटं गुंतवून. बघणाऱ्याला वाटलं असतं, किती जीव आहे बाईचा. आणि जीव होताच, ते काही खोटं नव्हतं. त्यानं हात ओढला. तो हात शाबूत होता, त्यात जोर होता. तिनं आपला दुसराही हात वरून ठेवला आणि गच्च धरला. खडू लाकडावरून फिरत होता. त्यानं आणखी एकदा ओढून बघितलं, मग ओढायचं थांबवलं, आणि रेघ निघाली होती तिथं परत येऊन मिळेपर्यंत तिनं त्याचा हात सोडला नाही.